विश्लेषण : भरदुपारी अवकाशातील कचऱ्यावर लेझरचा नेम कसा धरतात?

१४ जुलै २०२३. दुपारचे २ वाजून ३५ मिनिटे. श्रीहरिकोटाहून 'चांद्रयान-३' झेपावले तेव्हा देशभरातील लाखो लोक मोबाइलवर उलटगणती पाहत होते. हे उड्डाण ठरल्या वेळेपेक्षा चार सेकंद उशिरा झाले, हे मात्र त्यांच्यापैकी बहुतेकांच्या लक्षात आले नाही. इस्रोच्या अवकाश स्थितीविषयीच्या वार्षिक अहवालातून हा तपशील पुढे आला. यान ज्या उंचीवरून जाणार होते, तिथेच अवकाशातील कचऱ्याचा एक तुकडा फिरत होता आणि तो यानाच्या फार जवळ येण्याची शक्यता होती. म्हणून उड्डाण चार सेकंद पुढे ढकलण्यात आले.

चार सेकंदांनी काय फरक पडतो, असे वाटू शकते. पृथ्वीनजीकच्या कक्षेत एखादी वस्तू सेकंदाला सुमारे साडेसात किलोमीटर वेगाने धावते. चार सेकंदांत ती ३० किलोमीटर पुढे गेलेली असते. म्हणजे जवळपास सीएसएमटी ते ठाणे एवढे अंतर. मात्र अशी सुटका करून घ्यायची तर तो तुकडा नेमका कुठे आहे हे आधी माहीत हवे. ते शोधण्याचे सर्वात अचूक साधन म्हणजे लेझर, आणि गेली अनेक वर्षे कचऱ्याच्या बाबतीत हे साधन दिवसा निरुपयोगी ठरत होते. ही अडचण २०२० मध्ये युरोपातील वेधशाळांनी सोडवली. ती कशी, याचा हा आढावा.

धोका कचऱ्याचा की चुकीच्या अंदाजाचा?

दोन्हींचा. युरोपीय अवकाश संस्थेच्या (ईसा) अंदाजानुसार पृथ्वीभोवती एक सेंटिमीटरपेक्षा मोठे १२ लाखांहून अधिक तुकडे फिरत आहेत. त्यांतील ५० हजारांहून अधिक तुकडे १० सेंटिमीटरपेक्षा मोठे आहेत. निकामी उपग्रह, इंधन संपलेले प्रक्षेपकांचे टप्पे, जुन्या स्फोटांतून आणि टकरींतून उडालेले धातूचे कपटे असे सगळे यात आले.

पण केवळ 'कचरा आहे' एवढे कळून भागत नाही. १० फेब्रुवारी २००९ रोजी सैबेरियावर सुमारे ७९० किलोमीटर उंचीवर 'इरिडियम-३३' हा चालू स्थितीतील अमेरिकी दळणवळण उपग्रह आणि 'कॉसमॉस-२२५१' हा निकामी रशियन उपग्रह एकमेकांवर आदळले. दोन्हींच्या ठिकऱ्या उडाल्या आणि माग काढता येण्याजोगे दोन हजारांहून अधिक नवे तुकडे तयार झाले. त्या दिवशीच्या सार्वजनिक अंदाजानुसार हे दोन उपग्रह एकमेकांपासून ५८४ मीटर अंतरावरून सुखरूप निघून जाणार होते. अंदाजांच्या त्या यादीत ही जोडी सर्वात धोकादायकही नव्हती. याहून जवळून जाणाऱ्या जोड्या कितीतरी होत्या.

थोडक्यात, अंदाजातील चूकच काहीशे मीटरची असेल, तर '५८४ मीटर अंतर' या आकड्याला फारसा अर्थ उरत नाही. अशा वेळी यंत्रणेपुढे दोनच पर्याय असतात. इशारा मिळेल तेव्हा उपग्रह हलवायचा आणि दरवेळी इंधन खर्च करायचे, किंवा इशाऱ्याकडे दुर्लक्ष करून नशिबावर हवाला ठेवायचा. तिसरा पर्याय एकच, तो म्हणजे कचऱ्याची जागा अधिक नेमकेपणाने मोजणे.

लेझरने अंतर कसे मोजतात?

तत्त्व अगदी सोपे आहे. दरीच्या काठावर उभे राहून हाक मारली आणि प्रतिध्वनी किती वेळाने आला हे मोजले, तर समोरचा डोंगर किती लांब आहे ते सांगता येते. इथे आवाजाऐवजी प्रकाश असतो. जमिनीवरील दुर्बिणीतून लेझरचा अतिशय छोटा स्पंद सोडला जातो. तो उपग्रहावर आदळून परत येईपर्यंतचा वेळ मोजला जातो. प्रकाशाचा वेग ठाऊक असल्याने त्यावरून अंतर काढता येते.

हजार किलोमीटरवरील वस्तूपर्यंत जाऊन परत यायला प्रकाशाला ६.७ मिलिसेकंद लागतात. वेळ मोजण्यात एक नॅनोसेकंदाची, म्हणजे सेकंदाच्या एक अब्जांश भागाची चूक झाली, तर अंतरात १५ सेंटिमीटरची चूक होते. आजची घड्याळे आणि संवेदक याहून कितीतरी सूक्ष्म वेळ मोजतात.

हे तंत्र नवे नाही. ऑक्टोबर १९६४ मध्ये नासाच्या गोडार्ड केंद्रातील पथकाने 'एक्सप्लोरर-२२' या उपग्रहावर लेझर सोडून पहिल्यांदा परतीचा प्रकाश टिपला. १९७६ मध्ये नासाने 'लॅजिऑस' हा उपग्रह खास याच कामासाठी पाठवला. जेमतेम ६० सेंटिमीटर व्यासाचा हा गोळा असून त्यात कोणतेही यंत्र किंवा विजेवर चालणारे उपकरण नाही. त्याच्या पृष्ठभागावर ४२६ छोटे परावर्तक बसवले आहेत. कोणत्याही दिशेने आलेला प्रकाश हे परावर्तक बरोबर त्याच दिशेने परत पाठवतात. रस्त्यावरच्या 'कॅट-आय' परावर्तकांवर गाडीचे दिवे पडले की ते चालकाला चमकताना दिसतात, तसाच हा प्रकार. भूखंडांची वर्षाला काही सेंटिमीटर होणारी हालचाल मोजण्यासाठी हा गोळा आजही वापरला जातो.

मग कचऱ्याच्या बाबतीत अडचण कोणती?

पहिली अडचण परावर्तकांची. प्रक्षेपकाच्या रिकाम्या टप्प्यावर कुणी परावर्तक बसवून ठेवलेले नसतात. त्यावर पडलेला लेझरचा प्रकाश सगळीकडे विखुरतो आणि त्याचा नगण्य अंश दुर्बिणीकडे परततो. शिवाय अंतर वाढते तशी ही घट झपाट्याने वाढते. अंतर दुप्पट झाले की परतणारा प्रकाश सोळाव्या हिश्श्यावर येतो. त्यामुळे कचऱ्यासाठी कितीतरी अधिक शक्तिशाली लेझर लागतात आणि इतके करूनही परत येणारा प्रकाश एकेक फोटॉन मोजावा लागेल इतका क्षीण असतो.

दुसरी अडचण नेम धरण्याची. लेझरचा झोत अत्यंत अरुंद ठेवावा लागतो. एका अंशाचे ३६०० भाग केले आणि त्यातील १० भागांएवढी झोताची रुंदी धरली, तर हजार किलोमीटरवर त्याचा ठिपका सुमारे ५० मीटरचा होतो. दुसरीकडे, कचऱ्याच्या सार्वजनिक नोंदींवरून काढलेली जागा किलोमीटरभरानेही चुकू शकते. अंधाऱ्या मैदानात बारीक झोताच्या विजेरीने धावता उंदीर शोधण्यासारखे हे काम आहे.

परावर्तक असलेल्या उपग्रहांवर लेझर सोडण्याचे काम भरदिवसाही होते आणि ते अनेक वर्षांपासून चालू आहे. कारण त्यांच्या कक्षा आधीच्या लेझर मोजणीमुळेच काही मीटरपर्यंत नेमक्या माहीत असतात. दुर्बीण न पाहताही बरोबर जागी वळवता येते. कचऱ्याच्या बाबतीत मात्र 'वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही आणि लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही' अशी गत होते. कक्षा नेमकी माहीत नाही म्हणून लेझर लागत नाही आणि लेझर लागत नाही म्हणून कक्षा नेमकी कळत नाही.

रात्री तरी हे काम सोपे असते का?

रात्रभर नाही. तुकडा प्रत्यक्ष डोळ्यांसमोर असेल तर दुर्बीण त्याच्यावर धरता येते. पण तुकडा स्वतः प्रकाशत नाही, त्यावर सूर्यप्रकाश पडला तरच तो दिसतो. म्हणजे एकाच वेळी दोन गोष्टी जुळाव्या लागतात. जमिनीवर अंधार हवा आणि वर तुकड्यावर ऊन हवे. हा योग सूर्यास्तानंतरच्या आणि सूर्योदयापूर्वीच्या काही तासांतच येतो. सायंकाळी गच्चीवरून आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक सरकताना दिसते आणि मध्येच अचानक विझल्यासारखे होते, त्याचे कारणही हेच. ते पृथ्वीच्या सावलीत शिरलेले असते.

मध्यरात्रीच्या सुमारास खालच्या कक्षेतील बहुतेक कचरा सावलीत असतो. दिवसा त्यावर लख्ख ऊन असते, पण निळे आकाश इतके उजळलेले असते की तुकडा त्यात हरवून जातो. त्यामुळे कोट्यवधी रुपयांची दुर्बीण आणि लेझर असूनही कचऱ्यासाठी त्यांचा वापर दिवसातून मोजक्याच तासांपुरता राहत होता. त्यातही त्या वेळेत ढग आले, तर तो दिवस वाया.

ऑस्ट्रियात नेमके काय केले?

ऑस्ट्रियातील ग्राट्स शहराजवळ लुस्टब्युहेल वेधशाळा आहे. ऑस्ट्रियन विज्ञान अकादमीच्या अवकाश संशोधन संस्थेचे लेझर केंद्र तिथे चालते. सेकंदाला दोन हजार स्पंद सोडणारा लेझर २००३ मध्येच वापरात आणणारे हे केंद्र या क्षेत्रात अग्रेसर मानले जाते. तिथले मिखाएल स्टाइनडॉर्फर, गेऑर्ग किर्शनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'ईसा'च्या तज्ज्ञांबरोबर केलेले काम ऑगस्ट २०२० मध्ये 'नेचर कम्युनिकेशन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

अधिक शक्तिशाली लेझरच्या मागे न लागता त्यांनी आधी दिवसा तुकडा 'दिसण्याची' सोय केली. आकाश निळे दिसते, कारण हवेतील रेणू निळा प्रकाश अधिक विखुरतात आणि लाल प्रकाश कमी. सूर्यप्रकाशात चमकणारा धातूचा तुकडा मात्र लाल प्रकाशही भरपूर परावर्तित करतो. म्हणून दुर्बिणीला जोडलेल्या कॅमेऱ्यापुढे गडद लाल प्रकाशच आत सोडणारी गाळणी बसवली. आकाशाचा बराचसा उजेड अडला आणि तुकड्याचा ठिपका त्या पार्श्वभूमीवर उठून दिसू लागला. नुसत्या डोळ्यांना रात्री दिसू शकणाऱ्या सर्वात मंद ताऱ्यांपेक्षा दहापट मंद तारेही या पद्धतीने दिवसा टिपता आले. त्यांचा उपयोग दुर्बीण बरोबर दिशेला वळते आहे ना, हे तपासण्यासाठी होतो.

कॅमेऱ्यातील चित्रांवर संगणक त्याच क्षणी काम करतो. तो ठिपका शोधतो आणि अपेक्षित जागेपासून तो किती ढळला आहे ते मोजतो. मग त्यानुसार दुर्बिणीची दिशा सुधारली जाते आणि लेझर सोडला जातो. या पद्धतीने सुमारे ४० वेगवेगळ्या वस्तू दिवसा पाहता आल्या. स्वित्झर्लंडमधील बर्न विद्यापीठाच्या त्सिमरवाल्ड वेधशाळेनेही जून २०२० मध्ये दिवसाउजेडी कचऱ्याचे अंतर लेझरने मोजले.

एका ठिपक्यावरून इतकी माहिती कशी मिळते?

कचऱ्याच्या अंदाजातील सर्वात मोठी चूक बहुधा त्याच्या मार्गाच्या दिशेने असते. तुकडा वाट सोडून भलतीकडे जात नाही, तो त्याच वाटेवर थोडा आधी किंवा थोडा उशिरा येतो. लोकल रुळांवरच असते, फक्त वेळापत्रकाच्या दोन मिनिटे पुढे-मागे असते, तसे. वरच्या विरळ हवेचे घर्षण सूर्याच्या हालचालींनुसार कमी-जास्त होते. त्यामुळे हे वेळापत्रक बिघडते.

कॅमेऱ्यातील ठिपका किती पुढे किंवा मागे आहे हे कळले की तुकडा किती 'उशिरा' धावतो आहे हे कळते. त्यावरून दिशा तर सुधारतेच, शिवाय त्याचे अंतर किती असावे याचा अंदाजही सुधारतो. पुढच्या टप्प्यात हा सुधारलेला अंदाज फार मोलाचा ठरतो.

परत आलेला फोटॉन लेझरचाच, हे कसे ओळखतात?

दिवसा दुर्बिणीत सूर्यप्रकाशाच्या फोटॉनचा अक्षरशः पाऊस पडत असतो. त्यातून लेझरचे मोजके फोटॉन वेगळे काढण्यासाठी तीन चाळण्या वापरतात.

पहिली चाळणी रंगाची. या कामासाठी वापरलेला लेझर हिरवा असतो. फोटॉन मोजणाऱ्या संवेदकापुढे नेमका तोच हिरवा रंग आत सोडणारी अतिशय काटेकोर गाळणी असते. म्हणजे पाहण्यासाठी लाल आणि मोजण्यासाठी हिरवा, अशी दोन वेगळ्या वाटांवरची ही विभागणी आहे.

दुसरी चाळणी वेळेची. संवेदक सतत चालू ठेवत नाहीत. प्रकाश परत येण्याची वेळ जवळ आली की त्याचे दार क्षणभर उघडले जाते. अंतराचा अंदाज एक किलोमीटर इकडे-तिकडे असेल, तर दार सुमारे १३ मायक्रोसेकंद उघडे ठेवावे लागते. तेवढ्या वेळात आकाशातील नको असलेला प्रकाशही आत शिरतो. अंदाज सुधारला की दार तितकेच कमी वेळ उघडावे लागते आणि गोंगाट घटतो.

तिसरी चाळणी सातत्याची. लेझरचे स्पंद एका सेकंदात शेकड्यांनी सुटतात. प्रत्येक नोंद आलेखावर मांडली की आकाशातून आलेले फोटॉन अस्ताव्यस्त ठिपक्यांसारखे पसरतात. तुकड्यावरून परतलेले फोटॉन मात्र एका रेषेत येतात, कारण तुकड्याचे अंतर एका ठरावीक गतीनेच बदलत असते. ती रेषा उमटली, की मोजणी यशस्वी झाली. परावर्तक असलेल्या उपग्रहांचे अंतर मिलिमीटरपर्यंत मोजता येते. कचऱ्याच्या बाबतीत अचूकता साधारण मीटरभराची असते. तरीही किलोमीटरच्या चुकांपुढे ही झेप मोठी आहे.

विमानांना याचा धोका नाही का?

शक्तिशाली लेझर थेट डोळ्यांत जाणे धोकादायकच. दिवसा आकाशात विमानांची वर्दळही अधिक असते. म्हणून लेझर केंद्रे आसपासच्या विमानांवर लक्ष ठेवतात आणि एखादे विमान झोताच्या वाटेजवळ येताच लेझर आपोआप बंद केला जातो.

या तंत्राच्या मर्यादा काय?

ढगांपुढे लेझर हतबल आहे. पावसाळ्यातील आकाशात त्याचा उपयोग नाही. रडारला ढग, दिवस किंवा रात्र यांचा अडथळा होत नाही, पण मोठी रडार केंद्रे उभारणे अतिशय खर्चिक असते आणि त्यांची अचूकता सहसा लेझरइतकी नसते. सूर्याच्या अगदी जवळच्या दिशेला दुर्बीण वळवता येत नाही. शिवाय सध्या हे तंत्र प्रक्षेपकांचे टप्पे आणि निकामी उपग्रह अशा मोठ्या वस्तूंसाठीच सोयीचे आहे. एक-दोन सेंटिमीटरचे तुकडे त्याच्या आवाक्याबाहेर आहेत.

तरीही मोठ्या वस्तूंवर लक्ष ठेवणे अधिक महत्त्वाचे ठरते, कारण उद्याचे हजारो छोटे तुकडे त्यांच्याच टकरींतून तयार होणार आहेत. 'ईसा'चा सुमारे आठ टन वजनाचा 'एन्व्हिसॅट' हा उपग्रह एप्रिल २०१२ पासून मूक आहे. त्याला वाटेतून बाजूला करण्याचा कोणताही मार्ग आज उपलब्ध नाही. तो कुणाच्या वाटेत येतो आहे, हे वेळीच कळणे एवढेच हाती आहे.

भारताचा या साऱ्याशी काय संबंध?

संबंध रोजचा आहे. हवामानाचा अंदाज, टीव्ही, पीक पाहणी, दिशादर्शन अशा अनेक सेवा भारतीय उपग्रहांवर चालतात. इस्रोच्या अहवालानुसार २०२३ या एका वर्षात टक्कर टाळण्यासाठी भारतीय उपग्रहांना २३ वेळा कक्षेत हलवावे लागले. अशा प्रत्येक हालचालीत इंधन जाते आणि इंधन म्हणजे उपग्रहाचे आयुष्य. अंदाज जितका नेमका, तितक्या अनावश्यक हालचाली कमी.

यासाठी बेंगळूरुमध्ये इस्रोचे अवकाश सुरक्षेचे केंद्र २०२२ पासून कार्यरत आहे. रडार आणि दुर्बिणींच्या साहाय्याने कचऱ्याचा माग काढण्यासाठी 'नेत्र' हा प्रकल्पही हाती घेण्यात आला आहे. भारताच्या सर्व अवकाश मोहिमा २०३० पर्यंत कचरामुक्त करण्याचे उद्दिष्ट इस्रोने २०२४ मध्ये जाहीर केले.

लेझर मोजणीशीही भारताचा जुना परिचय आहे. 'नाविक' या भारतीय दिशादर्शन प्रणालीच्या उपग्रहांवर परावर्तक बसवलेले असून जगातील लेझर केंद्रे त्यांची अंतरे मोजतात. 'चांद्रयान-३'च्या विक्रम लँडरवर नासाचा जेमतेम पाच सेंटिमीटर रुंदीचा परावर्तक आहे. १२ डिसेंबर २०२३ रोजी चंद्राभोवती फिरणाऱ्या नासाच्या यानाने सुमारे १०० किलोमीटर अंतरावरून त्यावर लेझर सोडला आणि परतलेला प्रकाश टिपला. म्हणजे जे यान कचऱ्याच्या एका तुकड्यामुळे चार सेकंद थांबले होते, त्याच्याच लँडरवर आज जागेची नेमकी खूण सांगणारा परावर्तक आहे.

पुढे काय?

'ईसा'ने स्पेनच्या टेनेरिफ बेटावर 'इझान्या-१' हे लेझर केंद्र उभारले आहे. कचऱ्याच्या मोजणीसाठीही त्याचा वापर करण्याचा उद्देश आहे. एकाच तुकड्याची मोजणी वेगवेगळ्या देशांतील केंद्रांनी केली, तर त्याची कक्षा अधिक लवकर आणि अधिक नेमकी ठरवता येते. एका ठिकाणी ढग असले तरी दुसऱ्या ठिकाणचे आकाश मोकळे असू शकते. त्यात दिवसाचे तास जोडले गेले, की नवे केंद्र न बांधताही असलेल्या केंद्रांची क्षमता वाढते.

टकरीचा इशारा येतो तेव्हा निर्णयासाठी हातात बहुधा काही दिवस, कधी काही तासच असतात. अशा वेळी संध्याकाळ होण्याची वाट पाहणे परवडत नाही. दुपारी इशारा आला तर दुपारीच मोजणी करून उपग्रह हलवायचा की जागेवर ठेवायचा हे ठरवता यावे, यासाठीच भरदिवसा धरलेला हा नेम महत्त्वाचा आहे.